रविवारी तापणारी खोली

नेपियर टाउन, जबलपूर
२० एप्रिल २०२५

चि. चिन्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय : उपकरणांची पोच.

तू हॅनोव्हरहून पाठवलेले खोके काल दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मिळाले. आत साबणाच्या डबीएवढ्या सहा पांढऱ्या डब्या, सहा साधे तापमापक आणि चौदा कलमांचे सूचनापत्र निघाले. आरंभीच सांगून ठेवतो की हा पत्रव्यवहार ई-मेलने होणार असला तरी त्याचे स्वरूप पत्राचेच राहील. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून कामे होत असतील, पण नोंद राहत नाही. आणि तुझ्या कामाचे सगळे वजन नोंदीवर आहे, असे सूचनापत्रावरून दिसते.

ते मी चार वेळा वाचले. माझ्या समजुतीप्रमाणे योजना अशी : चौऱ्याऐंशी साली बांधलेल्या आपल्या या घराची विटेला वीट जुळणारी प्रतिकृती तू संगणकात उभी केली आहेस. जबलपूरच्या उन्हात ती किती तापेल हे संगणक सांगणार. खरे घर किती तापते हे भिंतींवरच्या डब्या सांगणार. डब्या बरोबर सांगतात ना, हे शेजारचा तापमापक वाचून मी सांगणार. संगणकाचे आणि घराचे जमले, म्हणजे बांधण्याआधीच कोणतेही घर संगणकात तापवून पाहता येते हे सिद्ध होईल आणि तुझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण पूर्ण होईल. समजण्यात चूक असल्यास कळवावे.

वाचन रोज सकाळी आठ, दुपारी दोन व सायंकाळी सात वाजता होईल. औषध-वितरणाच्या कंपनीत कार्यालय अधीक्षकाला दुपारी घरी येण्याची सोय नसते. म्हणून सोमवार ते शनिवार दुपारचे वाचन तुझी काकू करील आणि आकड्यासमोर 'वि.' असे लिहील. दशांश चिन्हाचे महत्त्व तिला समजावून दिले आहे. "अच्छा," म्हणाली.

कलम सात : मागच्या पश्चिमेकडील खोलीत कूलर वापरू नये. तो काढून गच्चीवर ठेवला आहे. ती खोली भय्यासाहेबांची असल्याने त्यांना पुढच्या खोलीत झोपण्याची विनंती केली. ते म्हणाले, "माझी खाट इथून हलणार नाही. नातीचा अभ्यास आहे न? पसीना मी देतो." वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी दिलेली ही संमती तोंडी असली तरी मी वहीत नोंदवून घेतली आहे.

कळावे,
यशोधन नाफडे


हॅनोव्हर
२४ एप्रिल २०२५

ती. यशोधनकाकांना,
नमस्कार.

माझं मराठी तुमच्या पत्रासमोर ठेवायला लाज वाटते, पण तुम्ही 'ok' स्वीकारणार नाही म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला सगळं बरोबर समजलं. माझ्या सरांना समजायला यापेक्षा जास्त वेळ लागला होता. डब्यांचे आकडे इथे पोहोचून राहिले आहेत. एकच हळहळ : हवेतली आर्द्रता मोजणारी वेगळी डबी कस्टम्समध्ये अडकली आहे, त्यामुळे या वर्षी फक्त तापमानच.

काका, हा उन्हाळा शेवटचा आहे. मागच्या वर्षी इंदूरचं एक घर मिळालं होतं. मे महिन्याच्या मध्यात मालकांनी सगळ्या खोल्यांना एसी लावले आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, 'अब देखिए ठंडक!' ते वर्ष गेलं. तीस सप्टेंबरला प्रबंध द्यायचा आहे, त्यानंतर माझी शिष्यवृत्ती नाही आणि व्हिसाही नाही. चौथं प्रकरण आता पूर्णपणे तुमच्या घरावर उभं आहे. सरांचं एक वाक्य आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ आहे : मोजलेलं नाही, ते प्रबंधात नाही. तेव्हा प्लीज, जे काही मोजता येईल ते मोजा.

भय्यासाहेबांना आणि काकूला नमस्कार.

चिन्मयी


हॅनोव्हर
११ मे २०२५

ती. काका,

पहिली वही मिळाली. तुमचे आकडे आणि डब्यांचे आकडे यांत एका दशांशाचाही फरक नाही. सरांनी तुमचं अक्षर पाहून विचारलं, हे छापलेलं आहे का?

आता मुख्य गोष्ट. पाच खोल्या अगदी संगणकानं सांगितल्या तशा वागून राहिल्या आहेत. पण मागची खोली! दुपारी दोनला संगणक म्हणतो ३९.४, आणि खोली म्हणते ३५.८. साडेतीन अंशांहून जास्त थंड, कूलरशिवाय! सर खुर्चीतून उठले. कडुनिंबाची सावली, पंधरा इंची भिंत, रात्रीचा वारा, असं काहीतरी त्या खोलीत जुळून आलं आहे जे आमच्या गणितात नाही. एका परिषदेसाठी सरांनी सारांश पाठवूनही टाकला.

फक्त एक विचित्र आहे. रविवारी हे होत नाही. २७ एप्रिल, ४ मे, दोन्ही रविवारी खोली ३९ च्या वर गेली. आजही जाऊनच राहिली आहे. सोमवारी पुन्हा थंड. काका, भिंतीला वार कसा कळतो? रविवारी तुमच्याकडे काही वेगळं होतं का?

चिन्मयी


नेपियर टाउन, जबलपूर
२२ मे २०२५

चि. चिन्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय : मागच्या खोलीचे रविवारचे वर्तन.
संदर्भ : तुझे दि. ११ चे पत्र.

उत्तरास अकरा दिवस लागले, कारण चौकशी पूर्ण झाल्याशिवाय लिहिणे योग्य वाटले नाही.

प्रथम संशय शेजारच्या कोचिंग क्लासवर गेला. त्यांच्या एसीची यंत्रे आपल्या खिडकीपासून अकरा फुटांवर आहेत. परंतु रविवारी क्लास बंद असतो. म्हणजे त्या दिवशी खोली उलट अधिक थंड राहावयास हवी होती. हा संशय मागे घेतला.

दुसरा, स्वयंपाक. रविवारी भाकरीऐवजी पुरणपोळी होण्याचा संभव असतो. तुझ्या काकूकडून एप्रिलपासूनच्या रविवारांचे पदार्थ विचारून घेतले. ती म्हणाली, "अहो, पुरणानं कधी भिंत तापते काय?" पुरण एकाच रविवारी झाले होते. हाही संशय मागे.

शेवटी नैमित्तिक रजा टाकून काल बुधवारी मी स्वतः मागच्या खोलीत सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत खुर्ची टाकून बसलो आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी वाचन घेतले. दुपारी दोन वाजता तापमान ३९.३ होते. बुधवारी, चिन्मयी! त्याआधीच्या चारही बुधवारी ते छत्तिसाच्या आत होते.

निष्कर्ष मला आवडलेला नाही, तरी लिहितो. रविवार आणि कालचा बुधवार यांत समान गोष्ट एकच : माझी घरातील उपस्थिती. माझ्या उपस्थितीने खोलीचे तापमान सुमारे साडेतीन अंशांनी वाढते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, पदार्थविज्ञानाचा नाही. याचे कारण तुझ्या सरांनी सांगावे.

भय्यासाहेबांना हे वाचून दाखवले. ते बराच वेळ हसत होते. वयोमानाने होत असावे.

यशोधन


हॅनोव्हर
२५ मे २०२५

ती. काका,

तुमचं पत्र भाषांतर करून सरांना ऐकवलं. त्यांनी लगेच गणित मांडलं. एक माणूस स्वस्थ बसला तर साधारण पंच्याहत्तर वॅट उष्णता देतो. मागच्या खोलीत साडेतीन अंश वाढवायचे तर तिथे सात काका बसवावे लागतील. तेव्हा तुमच्यावरचा आरोप सिद्ध होत नाही.

पण मग कारण काय? सर आता पूर्वीसारखे खुश नाहीत. रविवारची सुट्टी घेणारी भिंत त्यांना पटून नाही राहिली. परवा म्हणाले, हे सुटलं नाही तर हे घर प्रबंधातून काढावं लागेल. मग चौथं प्रकरणच उरत नाही, काका. मला झोप लागत नाही. तुम्हीच काही शोधा.

चिन्मयी


नेपियर टाउन
२९ मे

चिनू,

हातानं लिहून फोटो पाठवून राहिली आहे, कारण या घरात ई-मेल एकच आहे आणि तो यांचा आहे. वाचून डिलीट कर.

तुझी खोली रविवारी तापते असं नाही. ती रोजच तापते. सोमवार ते शनिवार मी तिला थंड करते.

पहिल्या आठवड्यातच दोनचं टेम्परेचर पाहायला गेले तर भय्यासाहेब खाटेवर बसलेले, बनियान पिळावं इतकं ओलं. म्हटलं, चला पुढच्या खोलीत. म्हणाले, "चिन्मयीला शब्द दिला आहे." तुला माहीत आहे त्यांचा शब्द. मग मी म्हटलं, मनाई कूलरची आहे, चादरीची तर नाही न? जुनी निळ्या काठाची सुती चादर बादलीत बुचकळली आणि पश्चिमेच्या खिडकीला दोन खिळे ठोकून टांगली. वारा लागला न, दहा मिनिटांत भय्यासाहेब घोरायला लागले. तुझी चौदाच्या चौदा कलमं मी वाचली आहेत. चादर कुठंच नाही.

साडेबारा ते साडेचार, तासातासाला भिजवते. हे साडेपाचला येतात, त्याच्या आत चादर वाळून, घडी होऊन कपाटात. वाचन मी एकदम खरं लिहिते, दशांशासकट. ३५.८ असेल तर ३५.८. त्यात खोटं काही नाही.

रविवारी हे घरी असतात. भय्यासाहेब मोठ्यानं विचारतात, "आज चादरीची सुट्टी काय?" मी डोळ्यांनी चुप करते. आणि त्या बुधवारी तर हद्द झाली. हे खोलीच्या मधोमध वही घेऊन बसले. भय्यासाहेब काठी टेकत स्वयंपाकघरात आले, "हा ऑफिसला काहून नाही गेला?" म्हटलं, "तुमची खोली थंड का राहते ते शोधून राहिले आहेत." म्हणाले, "मग त्याला म्हण, ऑफिसला जा. सापडेल."

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू इतकी खुश होतीस. आता यांनी तुझं पत्र वाचून दाखवलं, झोप लागत नाही म्हणतेस, तर मला राहवेना.

यांना मात्र सांगू नको. कळलं तर त्याच दिवशी तुला पत्र येईल, विषय कलम सातचा भंग, घर प्रयोगातून मागे घेण्याबाबत. तुझं प्रकरण जाईल, भय्यासाहेबांची चादर जाईल, आणि वही. आल्यागेल्याला ती वही दाखवतात, चिनू. इतकं मन लावून यांनी दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही. आता तर आपल्या अंगातच गरमी आहे असं धरून सकाळ-संध्याकाळ सब्जाचं पाणी पिऊन राहिले आहेत. मी काय बोलणार? भिजवून मीच देते.

विनताकाकू


हॅनोव्हर
१ जून २०२५

प्रिय काकू,

वाचून आधी तुझ्यावर खूप चिडले. सारांश पाठवला आहे, सरांनी पाच ठिकाणी सांगितलं आहे. मग काकांचं पहिलं पत्र पुन्हा उघडलं. भय्यासाहेबांची खाट त्या खोलीतून हलली नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मी डब्यांची संख्या वाचली आणि पुढे नुसती नजर फिरवली. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला चाळीस डिग्रीत झोपवलं मी, आणि तुझ्यावर चिडते!

सरांना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "म्हणजे त्या घरात एक इंजिनियर आधीपासूनच होती." सारांश मागे घेतला. पण घर काढलं नाही. ओल्या कापडानं खोली थंड होणं हे संगणकात घालता येतं, आणि ते खरं जबलपूर आहे, माझ्या कडुनिंबाच्या कहाणीपेक्षा कितीतरी खरं. अट तीच : मोजलेलं हवं. मागच्या दिवसांची चादरीची वेळ लिहिलेली नाही, म्हणून ते सगळे दिवस बाद. २ जूनपासून धरायचं.

मला तीन गोष्टी लागतील. चादर कधी टांगली, कधी भिजवली, कधी काढली, ते रोज लिही. दुसरं, चादरीशिवायचे दिवस, तुलनेला. ते तुझे रविवार. कमीत कमी दोन. काका घरी असतात म्हणून ते आपोआप मिळतील, पण भय्यासाहेबांना त्या दिवशी पुढच्या खोलीत ने, माझी शपथ घाल. तिसरं सर्वांत अवघड. चादर कोरडी किती वजनाची, ओली किती, तासाभरात किती पाणी उडतं. हा आकडा नसेल तर सर म्हणतात ही फक्त गोष्ट आहे, प्रकरण नाही.

काकांना नाही सांगणार. पण मला हे बरं नाही वाटून राहिलं.

चिनू


५ जून

चिनू,

वेळा कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी लिहून राहिली आहे, कोणाला कळत नाही. घरात काटा नाही. शेजारच्या यशश्रीकडे मागितला तर ती विचारेल काहून, आणि संध्याकाळी ती यांनाच सांगेल. वजनाचं माझ्याच्यानं नाही जमणार. शपथ घातली. भय्यासाहेब म्हणाले, शपथ उतरते, खाट उतरत नाही.

काकू


नेपियर टाउन, जबलपूर
९ जून २०२५

चि. चिन्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय : रविवारच्या अडचणीचे निवारण.

तुला कळविण्यास आनंद वाटतो की रविवारचा प्रश्न मिटला आहे. तुझ्या सरांच्या सात माणसांच्या गणिताचा मी अनादर करीत नाही. तथापि अनुभव निराळा आहे. गेले दोन रविवार, १ व ८ जून रोजी, मी दुपारी बारा ते पाच घराबाहेर राहिलो. पहिल्या रविवारी वाचनालयात बसलो. दुसऱ्या रविवारी ते बंद असल्याने अधारतालपर्यंत शहर बसने जाऊन परत आलो व पुन्हा गेलो. दोन्ही दिवशी दुपारी दोनला मागच्या खोलीचे तापमान छत्तिसाच्या खाली राहिले. वाचन 'वि.' यांचे आहे. यापुढे सर्व रविवारी मी याच वेळेत बाहेर राहीन, म्हणजे आठवड्याचे सातही दिवस एकसारखे होतील आणि तुझे प्रकरण निर्वेध पूर्ण होईल.

इतर : मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीवरील दोन खिळे सैल झाले होते. ते काढून त्या जागी पितळी हुक बसवले आहेत. देखभालीची बाब म्हणून नोंदवले.

यशोधन


हॅनोव्हर
११ जून २०२५

ती. काका,

तुमचं पत्र मिळालं. माझ्यासाठी तुम्ही उन्हात अधारतालला दोनदा गेलात.

पण काका, एक विनंती आहे आणि ती विचित्र आहे. रविवारी घराबाहेर जाऊ नका. १५ आणि २२ तारखेला दुपारी घरीच थांबा. मला ती खोली त्या दोन दिवशी तापलेली हवी आहे. का, ते आत्ता सांगता येत नाही. मी कोणाला तरी शब्द दिला आहे. तीस जूनपर्यंत हे आकडे मिळाले नाहीत तर सर घर काढून टाकतील. हवेत ओल आली की काही उपयोगाचं राहत नाही, म्हणून हे दोनच रविवार उरले आहेत.

आणि भय्यासाहेबांना त्या दुपारी काहीही करून दुसरीकडे झोपवा. काहीही करून. हे मी एप्रिलमध्येच लिहायला हवं होतं.

चिन्मयी


नेपियर टाउन, जबलपूर
२३ जून २०२५

चि. चिन्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

विषय : दि. १५ व २२ जूनचे रविवार. तसेच एक पूरक माहिती.
संदर्भ : तुझे दि. ११ चे पत्र.

तुझी विनंती शब्दशः पाळता आली नाही. दोन्ही रविवारी मी घरी नव्हतो. तरीही दोन्ही दिवशी खोली तुला हवी तशी तापली : १५ रोजी ३९.१, २२ रोजी ३८.४. हे कसे घडले ते लिहितो. हे पत्र तुझ्या काकूला कळू नये.

२५ मे रोजी, रविवारी, मागची खिडकी लावताना माझ्या सदऱ्याची बाही खिळ्यात अडकून फाटली. तेथे खिळा असण्याचे कारण नव्हते. दुसरा खिळा चार फुटांवर, त्याच उंचीवर होता. दोहोंखाली भिंतीवर पाण्याचे ओघळ होते. कपाटात निळ्या काठाची एक चादर सापडली; तिच्या दोन कोपऱ्यांना गंजाची छिद्रे होती आणि त्यांच्यातील अंतर चार फूट भरले. एवढे कळण्यास वाणिज्याची पदवी पुरते. त्यानंतर मी तुझी चौदा कलमे पाचव्यांदा वाचली. चादरीचा उल्लेख कोठेही नाही. तुझ्या सूचनापत्रातील ही त्रुटी मी तुला तेव्हाच कळवावयास हवी होती. कळवली नाही. ती चूक माझी.

तुला सातही दिवस एकसारखे हवे आहेत, असे मला वाटले होते. म्हणून मी रविवारी बाहेर जाऊ लागलो. ते केवळ तुझ्यासाठी होते असे मात्र नाही. एप्रिलमध्ये भय्यासाहेबांची संमती वहीत लिहिताना मी त्यांच्या बनियानाकडे पाहिले नव्हते.

तुझे ११ चे पत्र वाचल्यावर तुला सर्व माहीत आहे आणि तुला दोन कोरडे रविवार हवे आहेत, हे लक्षात आले. भय्यासाहेब खोलीत नसतील तर चादर टांगली जाणार नाही, हे उघड होते. खाट हलत नसली तरी माणूस हलू शकतो. १५ तारखेला साडेअकरा वाजता मी त्यांना म्हणालो, "बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जायचे आहे."

"कशाला?"

"चादर घ्यायला."

ते उठून चपला शोधू लागले. ऑटोत बसल्यावर म्हणाले, "कसली चादर?"

"खिडकीला लावायची. जुनी विरली आहे."

त्यांनी काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली. मग म्हणाले, "कधी कळलं तुला?"

"पंचवीस मे. बाही फाटली."

"मग बोलला काहून नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

यावर ते इतके हसले की ऑटोवाल्याने मागे वळून "बाबूजी, सब ठीक?" असे विचारले.

बड्या फुहाऱ्याजवळ रविवारीही उघडे राहणारे कापडाचे एक मोठे दुकान आहे. आत एसी उत्तम आहे. तेथे आम्ही सव्वाबारापासून सव्वाचारपर्यंत चादरी पाहिल्या. भय्यासाहेबांनी एकशे दहाहून अधिक चादरी उलगडायला लावल्या आणि मधल्या वेळेत गादीवर टेकून पाऊण तास झोप घेतली. शेवटी जुनीच्याच मापाची, त्याच पोताची, निळ्या काठाची सुती चादर मिळाली. काल २२ तारखेला त्याच दुकानात पुन्हा गेलो. दुकानदाराने आम्हाला पाहून हात जोडले. ते स्वागत होते की विनंती, हे निश्चित सांगता येत नाही. काल उशीचे अभ्रे पाहिले.

भय्यासाहेब त्या दोन दुपारी खोलीत नव्हते, याची तुझ्या गणितात दुरुस्ती करावी लागेल. सरांच्या हिशेबाने सात माणसांचे साडेतीन अंश, म्हणजे एका माणसाचा अर्धा अंश. तेवढा मिळवून धरावा.

आता पूरक माहिती. मोजलेले नाही ते प्रबंधात नाही, असे तू २४ एप्रिलला लिहिले होतेस. वेळा कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी नियमित लिहिल्या जात आहेत, हे मी पाहिले. वजन मात्र कोठेही लिहिलेले आढळले नाही, आणि घरात काटा नाही. म्हणून बुधवार दि. १८ रोजी नवी चादर कार्यालयात नेली. आमच्या अभिलेख-खोलीची खिडकी पश्चिमेची आहे आणि पार्सलचा काटा दहा ग्रॅमपर्यंत अचूक आहे. दुपारी एक ते चार या वेळेत चादर भिजवून, टांगून, काढून वजन करण्याचे काम तीन वेळा केले. सर्व कर्मचारी दारात उभे राहून पाहत होते. टंकलेखन करणाऱ्या शर्मिलाबाईंनी "साहेब, घरी पाणी येत नाही का?" असे विचारले. मी "येते" एवढेच उत्तर दिले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी कार्यालयात कुजबुज होण्याचा हा पहिला प्रसंग आहे.

निष्पत्ती, तिन्ही वेळांची सरासरी :
लांबी साडेसात फूट, रुंदी पाच फूट. कोरडे वजन ६३० ग्रॅम. ओले वजन १ किलो ८६० ग्रॅम. पंचावन्न मिनिटांनंतर १ किलो १२० ग्रॅम. उडालेले पाणी ७४० ग्रॅम.

या आकड्यांत शंका असल्यास पुन्हा मोजीन. हवेत आता ओल आली आहे, त्यामुळे त्वरा करावी. सब्जाचे पाणी मी अजून घेतो. आता कारण नाही, परंतु ती न सांगता पेला आणून ठेवते आणि नको म्हटले तर कारण द्यावे लागेल.

सोबत वही क्रमांक तीन पाठवीत आहे. तिच्यातील शेऱ्याच्या रकान्यात २५ मेपासून काही लिहिलेले नाही. तो रकाना मी आजवर कधी रिकामा सोडला नव्हता. तू तो रिकामाच वाचावास.

नवी चादर मी गुरुवारी सकाळी कपाटात जुनीच्या वर ठेवली. सायंकाळी कार्यालयातून आल्यावर पाहिले, तर ती जुनीच्या खाली होती आणि तिचे दोन कोपरे किंचित दमट होते. याविषयी घरात कोणीही कोणाला काही विचारलेले नाही.

कळावे,
यशोधन नाफडे